दोन सोडतींमधला काळ

बाबांच्या टपरीत दोन वह्या असत. एक जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची. कुठल्या लॉटरीची किती तिकिटं आणली, किती खपली, किती अंगावर पडली, हा हिशोब तिच्यात. दुसरी शाळेत मिळते तशी चाळीस पानी, गल्ल्याच्या पेटीखाली सरकवलेली. तिच्यात नुसती नावं, आणि प्रत्येक नावापुढे १ किंवा २. त्या माणसाला एका सोडतीची त्याहून जास्त तिकिटं द्यायची नाहीत, असा त्याचा अर्थ. तसा नियम ना लॉटरी खात्याचा होता, ना नगरपालिकेचा. बाबांनी तो स्वतःवर घालून घेतला होता.

टपरी नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ होती. १९७४ पासून बाबा तिथे बसले. १९९१ च्या सिंहस्थात गर्दी वाढली, त्यांचे गुडघे साथ देईनात, तेव्हा गल्ला माझ्याकडे आला आणि २०११ पर्यंत राहिला. तारेला चिमट्यांनी टांगलेली तिकिटं वाऱ्यानं फडफडत. संध्याकाळी ती उतरवताना कोपरे दुमडू नयेत म्हणून आई त्यांच्यात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घालायची. विकलेल्या तिकिटाच्या पाठीवर आमचा रबरी शिक्का पडायचा, कारण आमच्या हातून मोठं बक्षीस गेलं तर त्याचा काही वाटा विक्रेत्यालाही असे. गिऱ्हाईक बहुतेक एसटीची वाट बघणारं. सटाण्याची गाडी लागायला पंधरा मिनिटं आहेत, खिशात सुटा रुपया आहे, एवढ्यावर आमचं घर चाललं.

माझं लग्न जमवायचं चाललं होतं तेव्हा एका स्थळाकडून निरोप आला. मुलगी पसंत आहे, पण घरात जुगाराचा धंदा आहे. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी एक तिकीट माझ्यापुढे ठेवलं आणि वरची ओळ बोटानं दाखवली. 'महाराष्ट्र राज्य लॉटरी'. "यावर राज्याचं नाव आहे," एवढंच म्हणाले. आवाज दुखावलेला होता. जुगार कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे ठरवतं कोण, असा प्रश्न मला त्या रात्री पडला. पुढे टपरीवर दुपारचा निवांत वेळ मिळे तेव्हा मी मिळेल तिथून कायद्याची पुस्तकं आणून वाचली. वकील व्हायचं नव्हतं. त्या निरोपाला उत्तर हवं होतं.

उत्तर मिळालं ते १८८७ सालच्या कायद्यात. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. महाराष्ट्रात आजही तोच चालतो. नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर पोलीस अकादमी आहे. पोलीस ट्रेनिंग स्कूल म्हणून ती १९०९ साली इथे आली. फौजदारांच्या पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गावात बसून हा कायदा शिकून गेल्या. पेपरात 'जुगाराचे साहित्य व रोख रक्कम असा मुद्देमाल जप्त' ही ओळ आपण वाचतो, ती या कायद्याचीच भाषा. जुगाराचा अड्डा चालवणं गुन्हा, अड्ड्यात सापडणं गुन्हा, आणि तिथे सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं कोर्टानं धरून चालायचं. आपण खेळायला आलो नव्हतो हे त्यानं दाखवायचं. रस्त्यावर खेळणाऱ्याला पोलिसानं वॉरंटाशिवाय उचलायचं. नुसत्या कौशल्याच्या खेळाला मात्र सूट.

या कायद्यात जुगाराची जी व्याख्या आहे तिच्यात एक छोटं वाक्य आहे. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. जुगार या शब्दात लॉटरी येत नाही, असं तिथे सरळ म्हटलं आहे. लॉटरीचा गुन्हा वेगळा होता, दंड विधानाच्या २९४ अ कलमात. सरकारची नसलेली आणि सरकारनं परवानगी न दिलेली लॉटरी चालवली तर शिक्षा. म्हणजे बाबांचं म्हणणं कायद्याच्या बाजूनं पूर्ण खरं होतं. तोवर बाबा गेले होते. त्यांना दाखवायचं राहून गेलं.

पण १८८७ च्या कायद्यात त्या व्याख्येच्या पुढे जे दिसलं त्यानं मी जास्त गुंतले. अड्डा कशाला म्हणायचं हे सांगताना कायदा एक यादी देतो. कापूस, अफू किंवा दुसऱ्या कुठल्या मालाच्या बाजारभावावर पैज. त्या भावाच्या नुसत्या आकड्यांवर पैज. पाऊस पडेल की नाही यावर पैज. किती पडेल यावर पैज. मुंबईत तेव्हा व्यापारी पेठांतून पावसाचा सट्टा जोरात होता. गच्चीच्या पन्हाळीतून पाणी वाहतं की नाही, यावर ढगांकडे बघत पैसे लागत. आधीच्या शब्दांत हा सट्टा बसेना म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करून पावसाला कायद्यात आणलं. लोक नवा खेळ काढत गेले आणि सरकार मागून यादी वाढवत गेलं, असं ते कलम वाचताना स्पष्ट दिसतं.

घोड्यांची गोष्ट निराळी. १९१२ साली रेसकोर्सना परवाने देणारा कायदा झाला आणि १८८७ च्या कायद्यात घोड्यांवरची पैज वगळली गेली. पण कशी वगळली, ते बघण्यासारखं आहे. शर्यत ज्या दिवशी असेल त्याच दिवशी, आणि परवानेधारकानं त्यासाठी आखून दिलेल्या आवारातच. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या कुंपणाच्या आत शर्यतीच्या दिवशी लावलेला पैसा कायदेशीर. तोच पैसा त्याच घोड्यावर आदल्या दिवशी नाशकात भद्रकालीतल्या पानाच्या दुकानात लावला तर गुन्हा. १९२५ मध्ये या पैजांवर करही बसला. घोड्यांची ही सूट फक्त साहेबलोकांच्या सोयीसाठी होती असं बरेच जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण मला त्या कलमातले 'दिवस' आणि 'आवार' हे दोन शब्द महत्त्वाचे वाटतात. खेळ कुठे आणि कधी, एवढंच सरकारनं ठरवलं. खेळ वाईट की बरा, या वादात ते शिरलं नाही.

खेळाची जागा आणि वेळ बांधून देणं आपल्याकडे आधीपासून होतं. कौटिल्यानं द्यूताध्यक्ष नेमायला सांगितलं आहे. ठरलेल्या जागेबाहेर खेळणाऱ्याला बारा पण दंड, जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच राजाचे, शिवाय फासे, पाणी आणि जागेचं भाडं वेगळं. मनूनं द्यूत राज्यातून पार हाकलून द्यायला सांगितलं, याज्ञवल्क्यानं राजाच्या देखरेखीखाली ठेवायला. दिवाळीच्या पाडव्याला तर नावच द्यूतप्रतिपदा. शंकर-पार्वतीच्या सारीपाटाची कथा सांगत आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यांतून त्या रात्री कवड्या आणि पत्ते निघत. आजी कवड्या मोजून द्यायची आणि भाऊबिजेला मोजून परत घ्यायची. मग वर्षभर त्या डब्यात. कायदा करायची गरज नव्हती, पंचांगानंच बांधून दिलं होतं.

आजोबांना मात्र पंचांग पुरलं नाही. त्यांचा नाद शब्दकोड्यांचा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या काळात बक्षिसांच्या कोड्यांची लाट होती. कूपन कापायचं, प्रवेश फीची पोस्टल ऑर्डर जोडायची आणि रविवार कारंज्याच्या पेटीत टाकायचं. एका जागी दोन शब्द चपखल बसत आणि त्यातला कुठला बरोबर हे बंद पाकिटातल्या उत्तरानंच ठरे, तेव्हा भाषा कितीही चांगली असली तरी उपयोग नसे. आजीच्या दोन पाटल्या यात गेल्या, असं बाबा सांगत.

याच कोड्यांवरून देशातला मोठा निवाडा झाला. आर. एम. डी. चमारबागवाला यांची स्पर्धा बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून चाले आणि पत्र मुंबई राज्यातही खपे. मुंबई सरकारनं कायदा बदलून बाहेरून येणाऱ्या अशा स्पर्धांवर कर आणि परवाना लावला. हा आमचा व्यापार आहे, राज्यघटनेनं व्यापाराचं स्वातंत्र्य दिलं आहे, असं चालकांचं म्हणणं. ९ एप्रिल १९५७ रोजी सुप्रीम कोर्टानं ते फेटाळलं. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत, मनू, कौटिल्यापर्यंत सगळे काढून सांगितलं की जुगार हा व्यापारच नाही, त्याला ते संरक्षण मिळणार नाही. जुगाराच्या परवान्याचं सगळं आजचं बांधकाम या निकालावर उभं आहे. परवाना हा हक्क नाही. सरकारनं द्यायचा आणि मनात येईल तेव्हा काढून घ्यायचा. दरम्यान १९५५ च्या केंद्राच्या कायद्यानं कोड्यांना मर्यादा घातली होती. महिन्याला एक हजार रुपयांवर बक्षीस नाही, आणि प्रवेशिका दोन हजारांवर नाहीत. कोडी बघता बघता मेली. आजोबांनी पुढे ज्ञानेश्वरी वाचायला घेतली. आजी ते श्रेय सरकारला द्यायची.

त्यानंतर आला मटका. नाव मटक्याचं, पण सुरुवात कापसाची. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेनं मुंबईला येत आणि त्या भावांच्या आकड्यांवर पैसे लागत. म्हणून 'ओपन' आणि 'क्लोज'. १९६१ ला तिकडून ते भाव येणं थांबलं. १९६२ पासून कल्याणजी भगत यांनी वरळीला आपला खेळ सुरू केला, १९६४ पासून रतन खत्री यांनी आपला. आधी मटक्यातून चिठ्ठ्या, मग पत्ते. आकडा तिकडे निघायचा आणि तासाभरात नाशकात भिंतीवर खडूनं लिहिलेला असायचा. सीबीएसजवळ आमच्या टपरीपासून हाकेच्या अंतरावर आकडा घेणारा उभा राही. बोटाएवढ्या कागदावर ओपन, क्लोज, जोडी, पाना. पैसे खायवालाकडे, म्हणजे पैज अंगावर घेणाऱ्याकडे. जिंकलेल्याला ते मिळतही असत, हे कबूल केलं पाहिजे. पण नाहीच मिळाले तर तक्रार कुठे करणार? चिठ्ठीवर कुणाचंच नाव नसे.

महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली १२ एप्रिल १९६९ ला. केरळनं दोन वर्षं आधी वाट दाखवली होती. मटक्याकडे जाणारा पैसा सरकारी मार्गावर आणायचा आणि तिजोरीत भर घालायची, हा उघड सांगितलेला हेतू. बाबांचा त्यावर विश्वास होता. ते मटक्याच्या गिऱ्हाइकाला हाक मारून सांगत, "भाऊ, तिथे दिवसातून दोनदा हरशील, इथे आठवड्यातून एकदा." हे ते तिकीट खपवायला म्हणत नसत. त्यांना मटका आणि लॉटरी यांतला फरक तोच वाटत होता. तिकीट घेतल्यावर सोडतीपर्यंत दिवस जायचे. त्या दिवसांत माणूस कामाला जायचा, भाजी आणायचा, तिकीट खिशात आहे हेही विसरायचा. हरल्याची तिडीक येऊन दुसरा डाव मांडायला डावच समोर नसायचा. निकालाच्या दिवशी सकाळचा पेपर घेऊन लोक यायचे आणि मी शेवटच्या चार अंकांवर बोट ठेवत खाली सरकायची. शेवटचे अंक जुळले की चहापुरते पैसे. बऱ्याच जणांना तेवढंच हवं असे.

१९७६ साली आणीबाणीत महाराष्ट्रानं कॅसिनोंना परवाने देण्याचा आणि कर लावण्याचा कायदाही करून ठेवला होता. तो अमलात आणायची तारीख कुठल्याच सरकारनं काढली नाही. सत्तेचाळीस वर्षं तो कागदावर राहिला आणि २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात रद्द झाला. गोव्यानं १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणि १९९६ मध्ये बोटींवरचे खेळ मोकळे केले. आमच्या नाशकातून लोक तिकडे जाऊन आले की मांडवी नदीतल्या त्या दिव्यांच्या बोटींचं वर्णन करत. त्यांचा आमच्या टपरीशी संबंध नव्हता.

आमच्या टपरीशी संबंध आला तो ऑनलाइन लॉटरीच्या मशीनचा.

१९९८ चा लॉटरी नियमन कायदा वाचला तर तो बाबांनीच लिहिलाय असं वाटावं. एका अंकावर बक्षीस नाही. तिकिटावर राज्याची मुद्रा हवी. सोडत राज्यानंच घ्यायची. एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नाही. बंपर वर्षाला सहाच्या वर नाही. पण एका नावाला आठवड्याची अट असली तर नावं भरपूर काढता येतात. आणि दुसरी एक गाठ होती. जे राज्य स्वतः लॉटरी चालवतं त्याला बाहेरच्या राज्यांची लॉटरी अडवता येत नाही, असं १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी होती. त्यामुळे सिक्कीमपासून नागालँडपर्यंतच्या लॉटऱ्यांना आमचा दरवाजा उघडा राहिला. त्यात ऑनलाइन आल्या. २००६ च्या कायद्यानं महाराष्ट्रानं सोडतीगणिक कर लावला. पण कर लावला म्हणजे वेग कमी होतो असं नाही.

मी ते मशीन २००५ मध्ये घेतलं. कमिशन चांगलं होतं, मुलीची इंजिनिअरिंगची फी होती, आणि शेजारच्या दोघांनी घेतलं होतं. भिंतीवर पडदा, त्यावर उलट मोजत येणारी वेळ. दर पंधरा मिनिटांनी दोन अंक. माणूस अंक सांगायचा, मी बटणं दाबायची, पातळ गुळगुळीत कागद बाहेर यायचा. तो कागद उन्हात ठेवला की काळा पडतो. बाबांची जुनी तिकिटं अजून माझ्याकडे आहेत, रंगही उतरलेला नाही.

पहिल्याच महिन्यात मला वही बंद करावी लागली. एका सोडतीला दोन तिकिटं, हा बाबांचा नियम मी पाळला तर तासाला आठ तिकिटं होत. दिवसाची किती, ते मी मोजलं नाही.

सातपूरला कारखान्यात काम करणारा एक जण पगाराच्या दिवशी पहिल्या पाळीनंतर साडेतीनला यायचा. हसून 'ताई' म्हणायचा. पाच वाजेपर्यंत बोलायचा. पाचनंतर बोलणं थांबायचं, नुसते अंक सांगायचा. सातला तो माझ्याकडे बघतही नसे, पडद्यावरची वेळ बघे. एका पगाराला आठ वाजता त्याची बायको आली, कडेवर मूल. भांडली नाही. काउंटरवर हात ठेवून मला म्हणाली, "तुमच्याकडे एक वही होती ना? आमच्या सासऱ्यांचं नाव होतं तिच्यात. यांचं लिहा ना." मला उत्तर देता आलं नाही. तिचा सासरा महिन्यातून चारदा यायचा, म्हणून त्याचं नाव लिहिता आलं होतं. हिच्या नवऱ्यासाठी कुठला आकडा लिहू?

अकरा महिन्यांनी मी मशीन परत केलं. एवढे महिने ठेवायला नको होतं, आणि हे मी मुलीलाही सांगितलं आहे. तिची फी त्यातूनच गेली. ती म्हणते, आई, तू नसतं घेतलंस तर शेजारी होतंच. खरं आहे. तरी त्या बाईनं हात माझ्या काउंटरवर ठेवला होता.

त्यानंतर काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. 'बिंगो', 'रोलेट' हे जुगाराचे शब्द जिल्ह्याच्या बातम्यांत येऊ लागले. खेळ दुकानातून मोबाइलमध्ये गेला. रमी कौशल्याची आहे असं सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये म्हटलं होतं, घोड्यांची शर्यतही कौशल्याची असं १९९६ मध्ये. त्या जोरावर मोबाइलवर पैशांची रमी चालली. चार माणसं समोरासमोर बसून पत्ते पिसतात, ती रमी कोर्टासमोर होती. पत्ते पिसायला, वाटायला, चहा यायला वेळ जातो, तो वेळही त्या खेळाचा भाग होता. पत्ते तेच, पण मोबाइलवर तो वेळ काढून टाकला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. एकशे अडतीस वर्षं ज्या सवलतीवर वाद चालले ती एका व्याख्येनं बाजूला झाली. कागदी लॉटरी राहिली आहे. तिच्यावरचा जीएसटी १ मार्च २०२० ला सरसकट २८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. जे चार विक्रेते शालिमारकडे अजून बसतात, त्यांच्या तारेवर आता मोजकीच तिकिटं असतात.

दिवाळीत माळा आवरताना चाळीस पानी वही सापडली. चौदा नावं. तेरा नावांपुढे आकडा आहे. एक नाव नाशिकरोडच्या प्रेसमधल्या एका काकांचं. सुरुवातीला एका सोडतीची तीस-तीस तिकिटं घ्यायचे. बाबांनी त्यांच्यापुढे १ लिहिला तेव्हा ते चिडले, दुसऱ्या टपरीवर गेले, दीड महिन्यानं परत आले. नंतर नऊ वर्षं दर आठवड्याला एक तिकीट. बक्षीस म्हणावं असं कधी लागलं नाही. निवृत्तीच्या दिवशी पेढे घेऊन आले. त्यांच्या नावापुढचा १ बाबांनी शाईनं खोडला आहे, आणि बाजूला त्या दिवसाची तारीख घातली आहे.